तळ्यावरचे रविवार

"आजी, तू बोलत का नाहीस?"

केतकी स्कूटरवर पुढे उभी होती. हेमंतच्या दंडाखालून डोकं काढून ती मागे माझ्याकडे बघत होती.

"मौन असतं ना आजीचं," हेमंतनंच उत्तर दिलं. "पुढे बघ. हँडल धर नीट."

"पण काल तर..."

"केतकी, पुढे बघ म्हटलं ना! पडशील."

ती पुढे बघायला लागली. मी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

सिद्धतळ्याच्या बागेच्या फाटकाशी हेमंतनं स्कूटर उभी केली. दिवाळीची सुट्टी संपत आलेली, त्यातून रविवार, त्यामुळे फाटकाबाहेरच जत्रा होती. फुगेवाले, भाजलेली कणसं, तळ्यातल्या माशांना घालायला चुरमुऱ्यांच्या पुड्या. हेमंतनं केतकीला उतरवलं. तिच्या दोन वेण्या त्यानंच घातल्या होत्या. एक कानावर, एक मानेवर. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि खाली गेलेली वेणी वर बांधायला लागला.

"आईला काय सांगायचं नाही?"

"इंदूर."

"शहाणी माझी बबडी."

मग उठून तो मला म्हणाला, "आजचा एवढा एक रविवार निभाव, आई. उद्या गाडीत बसलो की सुटलो. तुझ्याकडून काही फुटायची तर भीतीच नाही." तो हसला. "सहाला येतो. याच फाटकाशी. तिला बाहेर पाऊल टाकू देऊ नकोस."

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं स्कूटरला किक मारली.

ही गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची आहे. हेमंतचं आणि सुनेचं, मृणालचं, त्या वर्षी फाटलं होतं. का फाटलं ते मी इथे फार सांगत नाही. हेमंतचा राग ताटावर निघायचा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर आमटीचा एक डाग होता. मी त्यावर दोनदा चुना मारला, तो दोन्ही वेळा पुन्हा वर आला. ज्येष्ठात मृणाल केतकीला घेऊन कऱ्हाडला माहेरी गेली आणि तिथल्या शाळेत तिनं नोकरी धरली. आषाढात हेमंत "चार दिवस नेतो" म्हणून केतकीला घेऊन आला. ते चार दिवस संपले नाहीत. वकिलानं त्याला सांगितलं होतं, मूल ज्याच्याकडे रुळतं त्याच्याकडेच शेवटी राहतं. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून तोडगा काढला तो इतकाच, की आईनं दर रविवारी येऊन मुलीला भेटावं, चारचौघांत, तळ्यावरच्या बागेत. हेमंतला मृणालचं तोंड बघायचं नव्हतं, मृणालला आमचा उंबरा चढायचा नव्हता. मग केतकीला घेऊन कोण जाणार? मी.

दर चातुर्मासात मी काहीतरी धरते. एका वर्षी मीठ सोडलं होतं, एका वर्षी केळीच्या पानावर जेवले. त्या वर्षी घरात बोलणंच इतकं झालं होतं, की आषाढी एकादशीला मी मौन धरलं. दुपारच्या जेवणापासून संध्याकाळी देवापाशी दिवा लागेपर्यंत बोलायचं नाही. हेमंत म्हणाला होता, "आई, तू एरवी तरी कुठे बोलतेस? देवाला फरक कळणार कसा?" त्याचं मोटारपंपांचं दुकान, तो सकाळी जायचा तो दिवे लागल्यावरच परतायचा. त्याला माझं मौन दिसायचं ते फक्त रविवारी.

पहिल्या रविवारी मृणाल मला नाही नाही ते बोलली होती. मी नुसती बसून वाती वळत होते. शेवटी ती म्हणाली, "तुमचं छान आहे, आई. जिथे म्हणून तोंड उघडायला हवं, तिथे नेमकं तुमचं व्रत आडवं येतं." एवढं बोलून ती रडली. मी राखेचं बोट कापसाला लावलं आणि पुढची वात घेतली.

मग हळूहळू ती माझ्याशी बोलायला लागली. शाळेच्या मोठ्या बाई किती तिरसट आहेत, एसटीत कोण भेटलं, वडिलांच्या गुडघ्याला कसला लेप लावते. उत्तर न देणाऱ्या माणसाशी पुष्कळ बोलता येतं. श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळी गेली.

त्या रविवारी ती कारंज्यापाशी उभी होती. अंगावर निळी साडी, हातात डबा. केतकी माझा हात सोडून धावली. मी मागून सावकाश गेले आणि आमच्या नेहमीच्या बाकावर बसले.

बाग चांगली होती. नगरपालिकेनं तळ्याच्या कडेनं फरसबंदी केली होती, घसरगुंड्या होत्या, पायडल मारायच्या हंसाच्या होड्या होत्या, आणि छोट्या रुळांवरून बागेला वळसा घालणारी मुलांची आगगाडी होती. जुन्या पेठेच्या बाजूला आमचं फाटक. समोरच्या काठाला, बदकांच्या जाळीपलीकडे, दुसरं फाटक. तिथून एसटी स्टँड जवळ. मध्ये तळ्याला लागून सिद्धेश्वराचं देऊळ. रविवारी तिथली घंटा सारखी वाजत असायची, कारण बागेत आलेलं प्रत्येक पोर ती वाजवून यायचं.

"आलात का मुक्याबाई?" रखवालदार खाशाबा काठी आपटत आला. मी मुकी आहे असं त्यानं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं, आणि मुक्या माणसाला ऐकूही येत नसणार अशा हिशेबानं तो माझ्याशी ओरडून आणि हातवारे करून बोलायचा. "थंडी! थंडी पडली!" त्यानं दंड चोळून दाखवले. "शाल आणा! शाल!"

मृणालला हसू आलं. "ऐकू येतं हो त्यांना."

"येत आसंल, पर आपन जोरात बोल्यालं बरं," तो म्हणाला आणि कुणी मुलगा जाळीवर चढत होता त्याच्याकडे शिट्टी फुंकत गेला.

मृणालनं डबा उघडला. कडबोळी होती, लोण्याचा एक गोळा आणि माझ्यासाठी वेगळ्या पुडीत राजगिऱ्याचा लाडू. माझ्या उपासांचे वार तिला पाठ होते. आमच्या घरात ती आठ वर्षं माझ्या व्रतांचं सगळं करत आली होती; कशाला काय लागतं, कुठल्या नेमाच्या सांगतेला ब्राह्मणाला काय द्यायचं, मी सांगण्याआधी तिनं काढून ठेवलेलं असायचं. मी दुपारी जेवले होते. लाडू पिशवीत ठेवला.

"शाळेनं मला खोल्या दिल्यात, आई," ती म्हणाली. केतकी लोणी चाटत होती. "दोनच आहेत. पण मागे परसात पेरू आहे. एवढाले पेरू लागलेत. केतकी, झाडावर चढशील?"

"पडले तर?"

"मी खाली उभी राहीन ना."

"मग चढीन."

मृणालनं तिचं तोंड पुसलं. एक वेणी पुन्हा सुटली होती ती बांधली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाताळच्या सुट्टीत चार दिवस पाठवतील का हो हिला? मी विचारलं तर भांडण होईल. तुम्ही विचारा ना. मौन सुटल्यावर, रात्री जेवायला वाढताना. तेव्हा ते ऐकतात तुमचं."

मी बोटांमधला कापूस पिंजत राहिले. हेमंतला मी विचारलं होतं. त्याच आठवड्यात, वाढतानाच विचारलं होतं, "पोर आईवेगळी कशाला करतोस?" तो ताटावरून उठला नाही, हे खरं. फक्त म्हणाला, "तू यात पडू नकोस. ताईशी सगळं बोलणं झालंय. तिच्याच घरी राहील, तिथेच शाळा. वर्षभर मृणालला पत्तासुद्धा लागायचा नाही, आणि तोवर केतकी विसरेल." ताई म्हणजे माझी थोरली मुलगी, इंदूरला दिलेली. त्या रविवारी सकाळी त्यानं स्वतः ट्रंक भरली. फ्रॉक, स्वेटर, रंगाची पेटी. केतकीला झोपताना एक जुनं दुपटं लागायचं, तिच्या बारशाचं, धुऊन धुऊन विरलेलं. त्याचं टोक गालाखाली घेतल्याशिवाय ती झोपायची नाही. हेमंत म्हणाला होता, "दुपटं उद्या निघताना सगळ्यांत वर ठेव, आई. गाडीत लागेल तिला."

"आई, झुकझुक गाडी!" केतकीनं मृणालचा पदर ओढला.

एका तिकिटाला तीन फेऱ्या असायच्या. केतकी इंजिनाच्या मागच्याच डब्यात बसली. गाडीचा रूळ आमच्या बाकासमोरून जायचा. मृणाल रुळाच्या कडेला हात हलवायला उभी राहिली. इतर मुलांच्या आयाही तशाच उभ्या होत्या.

पहिल्या फेरीला गाडी आमच्या पुढून गेली तेव्हा केतकी ओरडली, "आई, उद्या मी खऱ्या गाडीत बसणार!"

"हो का?" मृणालही हसत ओरडली. "कुठे चालली स्वारी?"

गाडी पुढे निघून गेली होती. झाडांमागून वळसा घालून, देवळापाशी शिट्टी वाजवून ती परत आली.

"सांगायचं नाहीये!" केतकी म्हणाली. तिनं तोंडावर हात दाबून धरला होता आणि बोटांमधून हसू सांडत होतं.

मृणालचा हलवायचा हात तसाच वर राहिला. तिनं वळून माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या वातीकडे बघितलं. गाडी तिसऱ्यांदा आली.

"कुणी सांगितलं, सांगायचं नाही?" मृणालनं विचारलं. ती गाडीबरोबर चालायला लागली होती.

"बाबांनी! इंदूर सांगायचं नाही! आत्याकडे शाळा आहे ते पण नाही!"

शेजारची एक बाई हसली. "काय बाई पोरं! पोटात काही म्हणून राहत नाही."

गाडी थांबली. मृणालनं केतकीला उचलून घेतलं. एवढ्या मोठ्या मुलीला कडेवर घेऊन ती बाकापर्यंत आली आणि माझ्या शेजारी बसली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"उद्या?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"कायमचं?"

मी पुन्हा मान हलवली.

"आणि हे तुम्हाला ठाऊक होतं." तिचा आवाज चढला नाही. "ठाऊक असून तुम्ही हिला इथे आणलंत आणि वाती वळत बसलात. मी मघापासून पेरूचं झाड सांगतेय."

तेवढ्यात देवळातली घंटा वाजली. नेहमीची जुनी घंटा जड होती. ही दुसरी, बारीक आणि लांब घुमणारी.

"आजीची घंटा!" केतकी म्हणाली. "आई, ऐकलीस? ती आजीची घंटा आहे."

"गप्प बस जरा, राणी."

"अगं खरंच. आजीनं देवाला नवी घंटा दिली. बाबांनी आणली तांबट आळीतनं. मी म्हटलं, माझं नाव घाल त्याच्यावर, तर आजी म्हणाली, नाव घालायचं नसतं. गुरुजींनी बांधली. मी पहिल्यांदा वाजवली."

मृणालनं केतकीच्या केसांवरून फिरणारा हात थांबवला.

"कधी?"

"परवा. नाही, तेरवा. आपण तुळशीला ऊस लावला ना, आजी, त्या दिवशी?"

मी मान हलवली. कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, बारशीला.

मृणाल माझ्याकडे बघायला लागली. आधी माझ्या तोंडाकडे, मग माझ्या हातांकडे. समोरून हंसाची एक होडी पाणी कापत गेली; आत बसलेली दोघं कुणाची पायडल जोरात म्हणून भांडत होती.

"आजसुद्धा मौन आहे, आई?" तिनं अगदी हळू विचारलं.

मी पिशवीत हात घातला. वर कापूस होता, वळलेल्या वातींचा जुडगा होता. त्याखालून मी दुपटं काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. त्यात केतकीचा लोकरी स्वेटर गुंडाळलेला होता.

केतकी म्हणाली, "माझं दुपटं! इथे कशाला आणलंस?"

मृणालनं दुपट्याचं टोक मुठीत धरलं. नंतर एकदम उठली आणि माझ्या पायांशी वाकायला लागली. मी पाय बाकाखाली ओढून घेतले. कऱ्हाडची गाडी साडेपाचला सुटायची. वाकण्यात वेळ घालवून चालणार नव्हतं.

"चल, केतकी," ती म्हणाली. "आपण बदकं बघून येऊ."

"आजी नाही येत?"

"आजी इथे बसणारेय."

दोघी तळ्याच्या कडेनं गेल्या. केतकीनं दुपटं खांद्यावर टाकलं होतं. जाळीपाशी ती वाकून बदकांना काहीतरी बोलली. मग दोघी जाळीच्या पलीकडे गेल्या आणि मला दिसेनाशा झाल्या.

मी वाती वळत बसले. ऊन तळ्यावरून उतरून पायऱ्यांवर आलं. खाशाबा एक फेरी मारून गेला, "थंडी!" म्हणून गेला. बाकावर उघडा डबा तसाच होता. त्यात दोन कडबोळी होती, लोणी मऊ झालं होतं. मी झाकण लावून तो पिशवीत ठेवला.

हेमंत आला. फाटकाशी थांबला, मग आत आला. मला एकटीला बघून त्यानं पावलं भरभर टाकली.

"केतकी कुठाय?"

मी बदकांच्या दिशेला हात केला. तो तिकडे गेला. मला त्याच्या हाका ऐकू येत होत्या. आधी नेहमीसारख्या, मग चढत्या. तो घसरगुंडीपाशी गेला, गाडीपाशी गेला. मग तळ्याच्या पायऱ्यांशी येऊन एकाएकी थांबला आणि पाण्याकडे बघायला लागला.

ते माझ्या मनात आलं नव्हतं. माझ्या मनात फाटक होतं, एसटी होती, दुपटं होतं. पाणी नव्हतं. तो बुटांसकट दोन पायऱ्या उतरला, पाणी त्याच्या घोट्यांपर्यंत आलं, आणि तो "बबडे!" म्हणून अशा आवाजात ओरडला की होडीतली माणसं वळून बघायला लागली.

मी उठले. एवढ्या झपाट्यानं मी कधी चालले नसेन. त्याचा दंड धरून त्याला वर ओढला, पाण्याकडे बोट करून जोरजोरानं मान हलवली, नाही, नाही. आणि समोरच्या फाटकाकडे हात दाखवला. मग पिशवीतून मृणालचा डबा काढून त्याच्यापुढे धरला.

त्याला कळायला क्षणभर लागला. आधी त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मी बघितली ती. मग तो पांढरा पडला.

"तिनं नेली? तुझ्यासमोरून नेली?"

तो समोरच्या फाटकाकडे पळाला. परत आला तेव्हा त्याच्या बुटांतून पाणी वाजत होतं. "गेली गाडी. सुटली कधीच." मग माझ्यावर ओरडला, "आणि तू बघत बसलीस? ओरडायचं नाही? एक हाक मारायची नाही? तुझं व्रत काय पोरीपेक्षा मोठं आहे?"

माणसं जमली होती. खाशाबा काठी सरसावत मध्ये आला. "ओ सायेब, म्हातारीवर कशाला वरडताय? त्या कशा हाक मारनार? मुक्या हायत की त्या."

"मुकी नाहीये ती! आई आहे माझी. मौन आहे तिचं."

"म्हंजी?" खाशाबानं माझ्याकडे बघितलं. "बोलता येतंय?"

"येतं!"

"आन् चार म्हयनं मी हात हालवतोय!" खाशाबा म्हणाला. तो मनापासून दुखावला होता.

कुणीतरी हसलं. हेमंतचा राग त्या हसण्यानं एकदम बसला. तो बाकावर बसला आणि बूट काढून त्यातलं पाणी ओतायला लागला.

घरी आलो. मी पाय धुतले, देवापाशी दिवा लावला. हेमंत ट्रंकेशेजारी जमिनीवर बसला होता. मी हात जोडून वळले तेव्हा तो म्हणाला, "तुझं तरी काय चुकलं. मौनाच्या दिवशी मीच तुला पाठवलं." थोड्या वेळानं त्यानं इंदूरला फोन लावला. "नाही, ताई, आईचं मौन होतं ना. ती बिचारी काय करणार? बसून बघण्यापलीकडे काय करणार?"

दिवा लागला होता. मी बोलू शकत होते. मी कुकर चढवला.

तो आठवडा मी घरात कामापुरती बोलले. पुढच्या रविवारी दुपारचं जेवण झालं, हात धुतले, देवापुढे पाणी सोडलं आणि संकल्प केला: रविवारचं मौन, आता चातुर्मासापुरतं नाही, आमरण. हेमंतला त्यात वेगळं काही वाटलं नाही. त्याच्या हिशेबी ते चालूच होतं.

पुढे कोर्टात जायचं ते गेलं. केतकी मृणालकडेच राहिली. वकिलाचं म्हणणं खरं ठरलं, फक्त दुसऱ्या बाजूनं. मग रविवारी हेमंतच कऱ्हाडला जायला लागला. तिथे कृष्णा-कोयनेच्या संगमावर बाग आहे. तिथल्या बाकावर बसून तो मुलीची वाट बघायचा. पहिल्यांदा निघाला तेव्हा मी मृणालचा तो डबा घासून त्याच्या पिशवीत ठेवला. रिकामा कसा द्यायचा म्हणून आत मूठभर साखर घातली. तो परत आला तेव्हा डब्यात पेरू होते. त्यानं ते कापले, तिखटमीठ लावलं आणि बशी माझ्यापुढे सरकवली. ताट भिरकावणं त्या वर्षानंतर बंद झालं. भिंत आम्ही पुढे रंगवून घेतली.

केतकी आता पुण्यात नोकरी करते. बापाचं आणि तिचं चांगलं आहे. सुट्टीत येते, त्याच्या स्कूटरला नावं ठेवते. आमचं जुनं घर गेलं, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. खाली ओक राहतात.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. रविवार होता, दुपार. मी खिडकीशी वाती वळत बसले होते. हेमंत बाहेरून आला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. ते त्यानं पलंगावर ठेवलं, तेव्हा आतून बारीक आवाज झाला.

"ओकवहिनींनी आणायला सांगितली होती," तो म्हणाला. "घंटा आहे. त्यांच्या सासूबाईंनी चातुर्मासात मौन धरलं होतं म्हणे. मी म्हटलं, मग घंटा कशाला? तर म्हणाल्या, मौन सुटलं की देवाला घंटा द्यायची असते. त्याशिवाय सांगता होत नाही. तुम्हाला ठाऊक नाही? म्हणाल्या. तुमच्या घरात एवढं सगळं करतात."

मी हातातली वात पुरी केली.

तो चप्पल न काढताच खुर्चीवर बसला. त्याचे केस पांढरे झाले आहेत. बसला की हल्ली गुडघे धरतो.

"मीही एक आणली होती," तो म्हणाला. "तांबट आळीतनं. तुला विचारलं होतं, कशाला? तू म्हणालीस, देवळात द्यायचीय." तो थांबला. "केतकी होती तेव्हा घरात. तिला नाव घालून हवं होतं."

खाली ओकांच्या अंगणात कुणीतरी तुळशीपुढे सारवत होतं. अंगणभर ओल्या शेणाचा वास होता.

"म्हणजे आधीच सुटलं होतं," तो म्हणाला. मला विचारत होता की स्वतःशी बोलत होता, कळलं नाही. "त्या रविवारी नव्हतंच."

मी त्याच्याकडे बघितलं. रविवार होता, दिवेलागणीला अवकाश होता. त्यालाही ते ठाऊक होतं. तो उठून गेला नाही. मी वाती वळत होते आणि तो समोर गुडघे धरून बसला होता. खिडकीतलं ऊन पलंगावर आलं, कागदाच्या पुडक्यावर थोडा वेळ थांबलं आणि गेलं.

मी उठले. पाय धुतले, निरांजनात वात घातली, दिवा लावला. हात जोडले आणि वळले.

"हेमंत," मी म्हणाले.

"राहू दे, आई."

त्यानं पलंगावरचं पुडकं उचललं. आतून घंटा वाजायला लागली. तसा तो थांबला, कागद बाजूला सारून त्यानं बोटं आत घातली आणि तिचा लोलक चिमटीत धरला.

"ओकांकडे देऊन येतो," म्हणाला आणि दार लोटून गेला.

जिना उतरून खाली जाईपर्यंत ती वाजली नाही.